मंगळवारी मासा नाही

६ जानेवारी, रविवार

आई काल कासोआला गेली. ताईचे दिवस भरत आलेत. बाळंतपण आणि पुढचा महिनाभर आई तिकडेच राहणार. बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून अख्ख्या आपाम गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अराबा, मी परत येईन तेव्हा 'बोलू दे त्यांना'चे तेवीसच्या तेवीस गडी आपल्याकडे जेवताना दिसले पाहिजेत. दिसले तर टपरी तुझी. नाही दिसले तर चंबूगबाळं आवरायचं आणि ताईची पोरं सांभाळायला कासोआला यायचं." बस हलली तरी ती बोलतच होती.

'बोलू दे त्यांना' ही एग्या आर्कोंची बोट. एग्या म्हणजे बाप. ते कुणाचे सख्खे बाप आहेत ते कुणी विचारत नाही, सगळा किनारा त्यांना तसंच म्हणतो. सकाळी बोट वाळूला लागली की त्यांचे गडी थेट आमच्याकडे येतात आणि केंकी, तळलेला मासा, ठेचा असं पोटभर खातात. ते जेवले की आमचा दिवस निघाला. उरलेल्या गावाच्या भुकेवर काही आमची चूल चालायची नाही.

आणि समोर सिस्टर ग्लॅडिस. कानामागून आली आणि तिखट झाली. सहा महिन्यांपूर्वी चार पत्रे ठोकले, आता फोमच्या डब्यातून तळलेला भात विकते, वर थंड पाण्याची पिशवी फुकट आणि दिवसभर कर्ण्यावर गाणी. आमची केंकी आंबवलेल्या मक्याची, केळीच्या वाळक्या पानात बांधून वाफवलेली. तिला ना डबा ना गाणं.

पण मी घाबरलेली नाही. उलट आज हातापायांना स्वस्थता नाही इतकी खूश आहे. गेल्या महिन्यात चर्चच्या महिला मंडळात टाकोराडीची एक बाई 'गिऱ्हाईक जन्मभर टिकवण्याचे सात मार्ग' सांगून गेली. पाच मी लिहून घेतले. सहाव्याला डोळा लागला आणि सातव्यानंतरच्या टाळ्यांनी जाग आली. पण तिसरा मार्ग लाखाचा होता: प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की आज हे दुकान फक्त माझ्यासाठी उघडलंय.

हे करायचं कसं, ते आज ऐन प्रार्थनेत सुचलं. ज्याचा जो जन्मवार, त्याला त्या वारी एक मासा जादा. फुकट. ना कार्ड, ना शिक्का, ना ओळखपत्र, आमच्यात नावच जन्मवारावरून पडतं. कोजो म्हटला की सोमवारचा, कोफी म्हटला की शुक्रवारचा, मी अराबा म्हणजे मंगळवारची. माणूस स्वतःच्या नावातच दाखला घेऊन फिरतो. टाकोराडीच्या बाईलाही हे सुचलं नसतं. मी एवढ्या मोठ्याने "आमेन" म्हणाले की पाळकबुवा पुढची ओळ विसरले.

७ जानेवारी, सोमवार

फळा रंगवला: 'तुमच्या वारी या, तुमचा मासा न्या.' खाली बोटीवरच्या सगळ्यांची नावं आणि वार, शोभेसाठी.

काय सांगू! बोटीवरचे चार कोजो अशा ऐटीत आले जणू आज गावाने त्यांना फेटा बांधलाय. थोरल्या कोजोने जादाचा बांगडा शेपटीला धरून समोरच्या ग्लॅडिसला दाखवला. वेण्या घालणारी अजुआ गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं तसंच सोडून धावत आली. ते अर्धं डोकंही मागोमाग आलं, तेही सोमवारचंच निघालं.

ग्लॅडिसने गाण्याचा आवाज कमी केला. ऐकत होती.

८ जानेवारी, मंगळवार

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मंगळवार समुद्राच्या सुट्टीचा. माझ्या पणजीच्याही आधीपासून मंगळवारी या किनाऱ्यावरून बोट पाण्यात जात नाही. आणि मी, मंगळवारची, दर जन्मवाराला आदल्या दिवशीचा मासा खाऊन वाढलेली, तीच विसरले. आई सोमवारचा निम्मा मासा तळून बाजूला ठेवायची. तो मी काल कोजो मंडळींना वाटून मोकळी झाले. दात आहेत तर चणे नाहीत.

बोटीवर मंगळवारचा एकच, कोबिना टांडो. जाळी शिवतो, बोटीतलं पाणी उपसतो, बोलतो कमी. फळ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मासा?"

"समुद्र बंद आहे, कोबिना."

"हं. मग अंडं दे."

मी उकडलेलं अंडं दिलं. खुशीत गेला. इतकं समजूतदार गिऱ्हाईक विरळा.

तळायला काही नाही म्हणून हाताला काम नाही. बदामाच्या झाडाखाली बोटीवरचे सगळे जाळी शिवत बसले होते, तिथून एग्यांनी हाक मारली, "ए केंकीवाली, तुझी आई मंगळवारी आमच्यात बसून जेवते. आम्ही तुला चावतो का?" गेले, जाळ्याच्या ढिगावर बसले. एकोने ग्लॅडिसच्या कर्ण्याची नक्कल केली, आधी खरखर, मग प्रार्थनागीत, मग अचानक बॅटरी संपते ते. हसताना माझ्या नाकात ठेचा गेला. कोबिनाने आपलं अंडं मोडून निम्मं माझ्या पानावर ठेवलं. "तूही मंगळवारचीच," म्हणाला. तेही बरोबरच.

धंद्याच्या दृष्टीने दिवस फुकट गेला.

११ जानेवारी, शुक्रवार

एक्केचाळीस कोफी! आपाममध्ये शुक्रवारी इतकी माणसं जन्मली होती हे सरकारलाही ठाऊक नसेल. रांग नळापर्यंत गेली. एक जण छातीवर हात ठेवून "कोफी" म्हणतोय तोच मागून त्याची बायको ओरडली, "क्वामेना, शेळी सुटलीय, घरी चल." मी त्याला म्हटलं, "शेळी धर, आणि उद्या ये, उद्या तुझा वार आहे."

शाळेच्या हेडमास्तरांचं नाव विल्फ्रेड. वार विचारला तर इकडे तिकडे बघून कानात सांगितला, जसं काही पाप कबूल करतायत. मग उत्तरेकडचा ऊसवाला इद्रिसू आला. म्हणाला, "आमच्यात वारावरून नाव ठेवत नाहीत, बाई. आई सांगायची, ज्वारी कापत होते तेव्हा तू झालास."

"ज्वारी कुठल्या वारी कापतात?"

"आभाळ मोकळं असेल त्या वारी."

मी वर बघितलं. एक ढग नव्हता. त्याला शुक्रवार देऊन टाकला.

आई, तू कासोआहून बघ. तुझी टपरी आता माझीच.

१५ जानेवारी, मंगळवार

पुन्हा मासा नाही. बाजूला ठेवायचा ठरवला होता, पण सोमवारवाल्यांनी आपापले भाऊ आणले.

फळ्यामुळे सध्या सगळ्यांच्या तोंडी आपापल्या जन्माच्याच गोष्टी. एको म्हणे मालट्रकमध्ये टोमॅटोंच्या पेट्यांवर जन्मला, म्हणून त्याला टोमॅटो चालत नाही. कोबिनाला बोलतं करायला अर्धा तास गेला. म्हणाला, "मी झालो तेव्हा बाप समुद्रावर होता. आजीने किनाऱ्यावरून कापड हलवलं. दोनदा, म्हणजे मुलगा. बाप इतका नाचला की वल्हं हातातून सुटलं. ते अजून सापडलं नाही."

सगळे हसले. एग्यांनी मात्र त्याच्याकडे जरा वेळ टक लावून बघितलं. "कोबिना..." असं म्हणाले आणि मग आपणच हसत सुटले.

"काय झालं, एग्या?"

"काही नाही, पोरी. ते वल्हं माझं होतं."

दिवस तसा फुकटच. अर्धं अंडं मिळालं.

२५ जानेवारी, शुक्रवार

आज मोठा शोध लागला. तीन आठवडे बघतेय. अजुआ पूर्वी आठवड्यातून चार दिवस यायची, अधूनमधून, कशीही. आता सोमवारी येते, आणि सोमवारी म्हणजे सोमवारी, पाऊस येवो की पाहुणा. हेडमास्तर रविवारीच. इद्रिसू शुक्रवारीच. इतर वारी ही मंडळी फिरकतच नाहीत, आपल्या वाराची वाट बघत घरी थांबतात. याला म्हणतात निष्ठा! आधी कुठे कुणाचा नेम होता?

केंकी मात्र रोज उरतेय. माझा शिजवण्याचा अंदाज चुकत असणार. उद्यापासून कमी टाकीन.

२९ जानेवारी, मंगळवार

आजचाही दिवस गेला. सोंगट्यांच्या खेळात एग्यांना हरवलं, त्यांनी पुन्हा मांडायला लावलं, पुन्हा हरवलं. "आईवर गेलीस," असं ते रागाने म्हणाले, पण मला ते फार आवडलं. दुपार कधी झाली कळलंच नाही.

हल्ली कोबिना मला पिवळ्यासकट मोठा भाग देतो आणि स्वतः पांढरं खातो. पिवळं आवडत नाही म्हणे. परवा चर्चच्या जेवणात तीन अंडी पिवळ्यासकट खाताना बघितला. माणसाच्या आवडीनिवडीचा काही नेम नाही.

४ फेब्रुवारी, सोमवार

आईचा फोन. ताईला शनिवारी मुलगी झाली, म्हणून अमा. बाळाचं वजन, नाक, रंग सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "गडी?"

"तेवीसच्या तेवीस आहेत. काय गर्दी असते, आई!"

"गर्दी नको सांगूस. भांडत नाहीत ना?"

"कशाला भांडतील? उलट सगळे खूश. ज्याचा वार तो खूश."

"आणि ज्याचा वार नाही तो?"

"तो उद्याच्या आशेवर."

बाळ रडतंय म्हणत तिने फोन ठेवला. सगळं छान चाललंय हे तिला सोसवत नसावं. आज थोरला क्वेसी उगाच कोजोच्या पानाकडे बघून म्हणाला, "खा बाबा, राजा माणूस तू." मी त्याला म्हटलं, "तुझाही रविवार येईल." तो हसला नाही. पोट बिघडलं असेल.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळं बिघडलं. लिहिते.

पहाटे समुद्रावर एको म्हणाला, आज माझा वार, आज दोन मासे. कोफी म्हणाला, मग ज्याचे दोन त्याने दोर दुप्पट ओढावा. एको म्हणाला, तू काल काय ओढलास ते सगळ्यांनी बघितलंय. क्वेसी मध्ये पडला, त्याला थोरल्या कोजोने सोमवारवरून काहीतरी ऐकवलं. बोलता बोलता आठ जणांनी दोर सोडून हातवारे सुरू केले. भरलेलं जाळं बुडालं. या मोसमातलं पहिलं भरलेलं जाळं.

एग्या एकटेच आले. बसले नाहीत. मी पान मांडलं तर हाताने नको म्हणाले.

"पोरी, बोटीत तेवीस डोकी असतात, पण पोट एकच असावं लागतं. तीस वर्षं तुझ्या आईने मला कधी कुणापेक्षा बोटभर मोठा तुकडा वाढला नाही. मला, बोटीच्या मालकाला. मी एकदा मागितला, तर पळी उगारली."

"एग्या, मी फक्त सगळ्यांना आनंद व्हावा म्हणून..."

"ठाऊक आहे. म्हणून रागावत नाही. पण उद्यापासून बोट समोर जेवेल. ग्लॅडिसच्या डब्यात सगळ्यांना सारखा भात असतो. वाईट असतो, पण सारखा."

गेले. मी रडले. मग ठेचा वाटायचा होताच, त्यात उरलेलं रडून घेतलं, कुणाला कळलं नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

तेवीस फोमचे डबे. समोर ओळीने बसतात. ग्लॅडिसने गाणं मोठं केलंय. कोबिना ओळीच्या टोकाला, तोंड माझ्या टपरीकडे करून बसतो आणि डबा तसाच झाकून ठेवतो. भातात मीठ जास्त पडत असणार.

जादाचा मासा बंद केला, फळा खरवडून धुतला. तर आज शनिवारवालेही आले नाहीत. ज्यांना मी वाराने बांधलं असं समजत होते, ते माशाने बांधलेले होते. मासा संपला, गाठ सुटली. हे लिहितानाच मला कळतंय.

टाकोराडीच्या बाईला फोन लावला, निदान सहावा आणि सातवा मार्ग तरी विचारावा म्हणून. फोन बंद आहे.

आई दोन मार्चला येणार.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

आज टपरी उघडणार नव्हते. स्वतःपुरत्या आणि शेजारणीपुरत्या बारा केंक्या उरल्या होत्या. काल मासे विकत घेतलेच नव्हते, अंडी नव्हती, काहीच नव्हतं. आणि झाडाखालून हाक आली, "ए केंकीवाली, मंगळवार आहे ना आज?"

सगळे! तेवीसच्या तेवीस, जाळी, सुया, सोंगट्यांचा पट घेऊन.

मी म्हटलं, "एग्या, तुम्ही तर समोर जेवता."

"बोट समोर जेवते. आज बोट कुठाय? वाळूवर पालथी पडलीय. आज आम्ही नुसती माणसं आहोत."

बारा केंक्या तेवीस जणांत. प्रत्येकाला अर्धी, वर ठेचा. शेवटची अर्धी माझी. एको आणि कोफी एका पानात जेवले आणि दोराच्या गाठीवरून पुन्हा भांडले, पण हसत. अंडं नाही म्हणून कोबिनाने आपल्या अर्ध्या केंकीतली अर्धी माझ्याकडे सरकवली. मी नको म्हटलं तर म्हणाला, "सवय मोडायची नाही."

बघा माझं नशीब. गिऱ्हाईक आलं तर विकायला काही नाही.

उठताना कोबिना हळूच म्हणाला, "माफी माग. मंगळवारी मागायची असते, मंगळवारी सगळे ऐकतात. दारूची बाटली आण. स्वतः बोलायचं नाही, तुझ्या वतीने दुसऱ्याने बोलायचं असतं."

"माझ्या वतीने कोण बोलणार? आई कासोआला."

त्याने सुईत दोरा ओवला, दोनदा चुकला. "मी बोलीन," म्हणाला. हा! जो दिवसाला सात शब्द बोलतो.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

झाडाखाली गोल करून सगळे बसले. मी बाटली मांडली आणि रीतीप्रमाणे गप्प राहिले. गप्प राहणं हीच खरी शिक्षा होती.

कोबिना उभा राहिला. त्याने दोन्ही हातांत जाळ्याची सुई धरली. म्हणाला, "एग्या, थोरल्यांनो. अराबाने चूक केली. तिला सगळ्यांना खूश करायचं होतं. माणसाला खूश करणं किती अवघड असतं ते तिला माहीत नाही, कारण ती स्वतः कशानेही खूश होते. ठेच्यात मीठ विसरली तरी हसते. सोंगट्यांत जिंकली तर आठवडाभर गाते. ती कासोआला गेली तर या किनाऱ्यावर ग्लॅडिसचा कर्णा तेवढा राहील." थांबला. "माझं संपलं."

पन्नासेक शब्द असतील. मी मोजायला हवे होते, पण डोळ्यांत काहीतरी गेलं.

एग्या म्हणाले, "तू फार पोटतिडकीने बोललास. तुला तर जादा मासा एकदाही मिळाला नाही."

"म्हणूनच मी निःपक्षपाती आहे."

"एकदाही नाही," एग्या सगळ्यांकडे बघत म्हणाले, "शुक्रवारीसुद्धा नाही."

सगळे खो खो हसले. कोबिना वाळूकडे बघत राहिला. शुक्रवार मध्येच कुठून आला, मला काही कळलं नाही, पण गप्प राहायचं होतं.

निकाल असा: बोट उद्यापासून आमच्याकडे. कुठल्याही गिऱ्हाइकाच्या पानावर दुसऱ्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त मासा पडणार नाही. पडला, तर बोट कायमची समोर. आणि मंगळवारी मी त्यांच्यात बसून जेवायचं, कारण न सांगता चुकवायचं नाही.

मी विचारलं, "मंगळवारचं कलम कशाला? मंगळवारी तर माझ्याकडे काही नसतं."

एग्यांनी कपाळाला हात लावला.

२ मार्च, शनिवार

आई आली. बसमधून उतरली ती सामान रस्त्यात टाकून आधी टपरीकडे. तेवीस डोकी मोजली, प्रत्येकाच्या पानावरचा मासा डोळ्यांनी मोजला. मग एकोला म्हणाली, "जाडा झालास." कोफीला म्हणाली, "तू आणखी काळा झालास." क्वेसीला काही न बोलता नुसती टपली मारली. तिघेही असे खुलले जणू त्यांना दोन-दोन मासे मिळाले.

पीठ घोटायचा लाकडी दांडा तिने भिंतीवरून काढला आणि माझ्या हातात दिला. "घे. माझे खांदे दुखतात." एवढंच. टपरी माझी झाली. मी दांड्यासकट तिला मिठी मारली, तिच्या कपाळाला टेंगूळ आलं.

मग तिची नजर फळ्यावर गेली. धुतला होता तरी अक्षरं पुसट दिसत होती. एकेक नाव वाचत गेली. "कोबिना टांडो, मंगळवार?" आणि खांबाला धरून हसायला लागली.

"काय झालं?"

"हा पोरगा झाला तेव्हा मी दारात होते. त्याच्या आजीने किनाऱ्यावरून जे कापड हलवलं ते माझं होतं, अजून परत दिलेलं नाही. त्याचा बाप समुद्रावर होता. समुद्रावर! मग तो मंगळवार कसा असेल, अकलेच्या कांद्या? शुक्रवार होता. आजोबा मंगळवारचे, त्यांचं नाव जसंच्या तसं पोराला ठेवलं. सगळ्या बोटीला ठाऊक आहे."

मी बोटांवर मोजलं.

योजना सुरू असताना पाच शुक्रवार गेले. पाच बांगडे, खरपूस तळलेले, त्याच्या हक्काचे. एक शब्द बोलला असता तर मिळाले असते. त्याऐवजी त्याने सहा मंगळवारी सहा उकडलेली अंडी घेतली, आणि त्यांतलीही निम्मी मला दिली. पिवळ्यासकट.

"ताकाला आला आणि भांडं लपवलं," आई म्हणाली. "मी दोन वर्षं बघतेय. तुझं लक्ष कुठे असतं ग?"

माझं लक्ष गिऱ्हाईक जन्मभर कसं टिकवायचं यात होतं. आणि ते माझ्या शेजारी जाळ्यावर बसून अंड्याचं पांढरं चघळत होतं. मला इतकं हसू आलं, आणि इतकं रडू, की आईने मला ठेचा वाटायला बसवलं.

८ मार्च, शुक्रवार

पहाटेच चूल पेटवली. सगळ्यात चांगला बांगडा आधीच बाजूला काढून ठेवला होता. बोट आली, सगळे बसले. मी वाढत गेले, प्रत्येकाला एक, सारखा. कोबिनाच्या पानावर एक ठेवला आणि त्यावर दुसरा.

सगळ्यांचे हात थांबले. समोर ग्लॅडिसही दारात आली.

"अराबा," एग्या म्हणाले, "निकाल काय झाला होता?"

"कुठल्याही गिऱ्हाइकाला जास्त नाही."

"मग?"

"हा आजपासून गिऱ्हाईक नाही."

कोबिना आधी पानाकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. कान तांबडे झाले होते, हे काळ्या माणसाचेही होतात हे मला आजच समजलं. मग त्याचे सात शब्द आले. "म्हणजे आता मी पैसे द्यायचे नाहीत का?"

"आता तर जन्मभर द्यायचे, पोरा," एग्या म्हणाले. "आणि रविवारी मागणी घालायला तुझ्या मामाला घेऊन ये, आणि बाटली. या वेळी तुझ्या वतीने मी बोलतो."

तेवीस माणसांनी थाळ्या आणि बाकं इतकी बडवली की ग्लॅडिसचा कर्णा ऐकूच येईना. आई आतून ओरडली, "आधी माझं कापड परत करायला सांगा!"

कोबिनाने वरचा बांगडा मोडला आणि निम्मा दुसऱ्या पानावर ठेवला. चुलीवर तेल तापलेलं होतं, बाहेर माणसं उभी होती, आणि वार शुक्रवार होता. मी तशीच त्याच्या शेजारी बसले आणि जेवले.